आपल्या गावच्या रेल्वे स्टेशनचा इतिहास कसा शोधायचा (बार्शी लाईट रेल्वेचं उदाहरण घेऊन)

छोट्या गावच्या स्टेशनचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. मोठ्या जंक्शनवर लेख येतात, सीएसएमटीवर जाडजूड पुस्तकं निघतात, पण जिथं दिवसाला दोन पॅसेंजर थांबायच्या, अशा स्टेशनबद्दल नेटवर एखादी ओळ मिळते आणि तीही इकडून तिकडून कॉपी केलेली. आपल्याकडे नॅरोगेजची (अरुंद रुळांच्या लाईनची) किती तरी स्टेशनं ब्रॉडगेज (रुंद रुळांची लाईन) होताना पाडली गेली, काही नुसतीच ओस पडली, आणि तिथं काम केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. म्हणून ज्यांना आपल्या गावच्या स्टेशनबद्दल काही करायचं मनात आहे त्यांनी आजच सुरुवात करा, पावसाळा संपू दे मग बघू असं नको.

पहिलं सांगतो ते म्हणजे "स्टेशन कधी सुरू झालं" या प्रश्नापासून सुरुवात करू नका. तारीख मिळेल, ती नंतर मिळाली तरी चालते. सुरुवात करायची ती "लाईन इथूनच का गेली आणि स्टेशन तिथंच का बांधलं" इथून. याचं उत्तर सापडलं की निम्मा इतिहास हातात आला, कारण त्या उत्तरात बाजारपेठ येते, संस्थान येतं, यात्रा येते, नदी-घाट येतात आणि कुणाचं वजन होतं कुणाचं नव्हतं तेही येतं.

उदाहरण म्हणून कुर्डुवाडी आणि बार्शी घेऊ. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पुण्याकडून येणारी लाईन १८५९ मध्ये इथवर आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली (तेव्हा बोरघाटाचं काम चालूच होतं, घाट पूर्ण झाला १८६३ मध्ये, म्हणजे सोलापूरहून मुंबईला निघालेल्या माणसाला मधे घाटात गाडी सोडावी लागायची). आता बार्शी ही त्या भागातली कापसाची मोठी पेठ, पण लाईन तिच्यापासून साधारण ३५ किलोमीटर लांबून गेली. स्टेशन झालं कुर्डुवाडीला आणि नाव दिलं बार्शी रोड. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं बार्शीचा माल बैलगाडीनं या स्टेशनवर यायचा. स्टेशनच्या नावामागं रोड लागलेलं दिसलं की हेच समजायचं, गाव लांब आहे आणि इथून रस्ता जातो. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, सगळी त्यातलीच. तुमच्या स्टेशनचं जुनं नाव असं काही होतं का हे आधी बघा.

मग आले एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे इंजिनियर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत भारतात आले होते, आणि छोट्या गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) स्वस्त लाईन टाकून आडबाजूच्या पेठा मेन लाईनला जोडता येतील हा त्यांचा ध्यास. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली, अडीच फुटी गेज घेतलं, आणि हिशोब असा बांधला की कुठल्याही चाकजोडीवर पाच टनापेक्षा जास्त भार पडणार नाही, इंजिन असो की वॅगन. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलके रूळ चालतात, हलके रूळ म्हणजे कमी खर्च, आणि तरीही वॅगनमधे माल भरपूर बसतो. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन लाईन सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर जोडलं, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये पंढरपूरहून पुढं मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. एका पेठेला मेन लाईन लांब पडली त्यातून एवढं सगळं उभं राहिलं, आणि हे फक्त "१८९७ साली स्टेशन सुरू झाले" एवढ्या ओळीतून कुणाला कधीच कळलं नसतं.

तुमच्या गावाला हेच लावा. कागदावर हातानं नकाशा काढा, गाव कुठं, बाजार कुठं, नदी कुठं, जुना गाडीरस्ता कुठं, स्टेशन कुठं. मग विचारा लाईन कुणाला हवी होती. वऱ्हाडात उत्तर बहुतेक वेळा कापूस येईल, जलंब-खामगाव फाटा १८७० चा, तो कापसासाठीच, मूर्तिजापूरची शकुंतला नावाची नॅरोगेज गाडीसुद्धा कापसाचीच. पंढरपूरला उत्तर वारी. कोल्हापूरला संस्थान, तिथं मिरज-कोल्हापूर लाईन संस्थाननं केली आणि १८९१ मध्ये सुरू झाली. हे का महत्त्वाचं, तर ज्यानं लाईन केली त्याच्याकडं कागद असतात. संस्थानी लाईनचे कागद संस्थानच्या दफ्तरात, कंपनीच्या लाईनचे लंडनला, सरकारी लाईनचे मुंबईला. चुकीच्या दारात जाऊन महिने घालवू नका.

आणि लाईनीची मालकी किती वेळा बदलली याची एक यादी करून ठेवाच. बार्शी लाईटचं बघा, १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली (मध्य रेल्वे स्वतः ५ नोव्हेंबर १९५१ ची). पुढं २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे (हेडऑफिस सिकंदराबादला) झाली तेव्हा सोलापूर डिव्हिजन तिकडं गेलं, आणि १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आलं. म्हणजे सोलापूर डिव्हिजनमधल्या स्टेशनचे त्या अकरा वर्षांतले हेडऑफिसचे कागद शोधायचे तर मुंबईला नाही, सिकंदराबादला विचारायला पाहिजे. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक "कागद नाहीत" म्हणून विषय सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष स्टेशनवर जा. आधी स्टेशन मास्तरांना भेटा, कशासाठी आलोय ते नीट सांगा आणि फोटोला परवानगी विचारा, बहुतेक मास्तर स्वतःच जुनं काय आहे ते दाखवायला उठतात. रुळात उतरू नका, यार्डात एकट्यानं फिरू नका, रेल्वेच्या कायद्यात तो गुन्हा आहे आणि धोकाही आहे. प्लॅटफॉर्मवरून आणि बाहेरून बघण्यासारखं भरपूर असतं. जुन्या बाकांचे बिडाचे पाय बघा, त्यावर कंपनीची अक्षरं ओतलेली असतात कधी कधी. पाण्याची टाकी बिडाच्या प्लेटांची असेल तर कोपऱ्यात कारखान्याचं नाव आणि साल असू शकतं. वाफेच्या इंजिनाला पाणी भरायचा तो वाकडा नळखांब राहिलाय का, माल धक्का कुठं होता, तिकीट खिडकीची लाकडी चौकट जुनी आहे का, घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलाय का, क्वार्टर्स किती आणि कुठल्या दगडाच्या.

पण सगळ्यात मोठा खजिना म्हणजे कुंपण. जुने रूळ कापून त्याचे खांब करायची पद्धत सगळीकडं आहे, कुंपणाला, फाटकाला, सिग्नलच्या तारांना, शेडच्या छपराला. त्या खांबाच्या मधल्या पातळ भागावर उठावाची अक्षरं असतात, ती रूळ लाटतानाच उमटवलेली, त्यात कारखान्याचं नाव, साल, वजन, आणि काही वेळा ज्या रेल्वेसाठी बनवला तिची आद्याक्षरं. शंभर वर्षांचा गंज आणि वर चुन्याचे, रंगाचे थर, त्यामुळं समोरून बघितलं तर काही दिसत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूनं, खांबाला जवळजवळ चिकटवून धरा, सावली पडली की अक्षर उठून येतं. कोरा कागद लावून वरून पेन्सिल घासली तरी छाप येतो. खरवडू मात्र नका, चाकू, तारेचा ब्रश काही नको. आणि एक लक्षात ठेवा की रुळावरचं साल म्हणजे स्टेशनचं साल नाही, मेन लाईनचे काढलेले रूळ फाट्यावर वापरायचे, तिथून काढले की कुंपणाला. पण तेवढ्यानं सुद्धा गोष्ट पुढं सरकते, इथं अमुक कंपनीचा रूळ आला म्हणजे आला कुठून, हा पुढचा प्रश्न तयार होतो.

आता माणसं. कागद दहा वर्षांनी पण मिळतील, माणसं नाही. फक्त मास्तरांना भेटून थांबू नका. पॉईंट्समन, गँगमन, फाटकवाला, हमाल, पार्सलवाला, टांगेवाला, स्टेशनसमोरचा चहावाला, यांना जास्त माहिती असते कारण मास्तरांची बदली व्हायची आणि ही माणसं गावातलीच. आणि बायकांना विचारायला विसरू नका हो. क्वार्टरमधे राहिलेल्या मावशींना पाणी कुठून यायचं, कुठल्या गाडीनं पोरं शाळेला जायची, सणाला ड्यूटी असली की काय करायचे, हे सगळं माहीत असतं. इंजिनाच्या राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचून नेणाऱ्या बायका बऱ्याच स्टेशनांवर असायच्या, त्यांना कुणीच कधी विचारलेलं नसतं.

बसल्या बसल्या "तुमच्या आठवणी सांगा" असं म्हणू नका, समोरचा माणूस गप्प होतो किंवा "तेव्हा फार छान होतं" म्हणून मोकळा होतो. हातानं केलेल्या कामाबद्दल विचारा. काका, गाडी यायच्या आधी पहिलं काय करायचात? टोकन (पुढच्या स्टेशनपर्यंत जायच्या परवानगीची खूण) ड्रायव्हरला कसं द्यायचात, नुसतं हातात की रिंगेत अडकवून? रात्री सिग्नलच्या दिव्यात तेल कोण घालायचं? गाडी लेट असली तर कसं कळायचं? असं विचारलं की माणूस उठून उभा राहतो आणि हात वर करून टोकन कसं धरायचं ते करूनच दाखवतो, मग मागोमाग सगळं येतं, ड्रायव्हरचं नाव, इंजिनाचा आवाज, कुठल्या वळणावर गाडी दमायची ते.

साल कुणाला आठवत नाही, आणि त्यांनी आठवावं असा आग्रह धरू नये. मोठ्या घटना धरून विचारायचं. आजोबा, हे रझाकाराच्या आधी का नंतर? बहात्तरच्या दुष्काळात ती गाडी चालू होती का? चौऱ्याहत्तरच्या संपात इथं काय झालं, कुणाला सस्पेंड केलं का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी स्टेशनमधे कोण होतं? पोलीस अॅक्शन (रझाकारांचा काळ संपवणारी निजामाच्या राज्यातली कारवाई) सप्टेंबर १९४८, रेल्वेचा संप मे १९७४, भूकंप ३० सप्टेंबर १९९३, या खुंट्या पक्क्या आहेत, त्यावर आठवणी अडकवत गेलं की चार-पाच वर्षांच्या फरकानं तरी काळ ठरतो. बार्शी-लातूर पट्ट्यात तर अजून एक प्रश्न हमखास विचारा, बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि लातूर निजामाच्या, म्हणजे एकाच गाडीतून माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा, तेव्हा हद्दीवर करोडगिरीची (मालावरच्या जकातीची) तपासणी कशी असायची, काय लपवून न्यायचे. स्वतः बघितलेलं कुणी नसेल तर वडिलांकडून ऐकलेलं सांगणारे अजून आहेत.

रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, फोन फ्लाईट मोडवर टाका, सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव त्यांच्याच तोंडून घ्या. पाऊण तासात थांबा, म्हातारी माणसं दमतात पण सांगत नाहीत. आणि परत जाच, पहिल्या भेटीनंतर रात्री त्यांना बरंच आठवलेलं असतं आणि ट्रंकेतून काहीतरी काढून ठेवलेलं असतं.

त्या ट्रंकेत काय असतं ते ओळखता आलं पाहिजे. जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं मिळाली तर सोनं समजा. भाडं आण्यात असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या भाडेदराचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. अंतर मैलात आहे की किलोमीटरमधे ते बघा. थर्ड क्लास लिहिलं असेल तर १९७४ च्या आधीचं. कडेला मशीननं दाबलेली तारीख असते, ती पुसट दिसली तर तीच तिरप्या टॉर्चची युक्ती. सर्व्हिस बुक, पास, बदलीचे हुकूम, बक्षिसाची चिठ्ठी, दंडाची चिठ्ठी पण, सगळ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि मूळ वस्तू तिथंच परत ठेवा, घरी न्यायला मागू नका. लग्नाचे, निरोप समारंभाचे फोटो बघा, माणसांच्या मागं स्टेशनचा जुना बोर्ड, पत्र्याची शेड, झाडं दिसतात, आणि स्टेशनचा वेगळा काढलेला फोटो बहुतेक कुणाकडंच नसतो. जुनं टाइमटेबल मिळालं आणि ते १९०६ च्या आधीचं असलं तर वेळा वाचताना सांभाळा, भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची, त्याआधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबईचं घड्याळ आणखी वेगळं.

सरकारी कागदांपैकी गॅझेटियर आधी बघा, घरबसल्या नेटवर मिळतात. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधे व्यापाराच्या प्रकरणात रेल्वे येते, आणि स्टेशनवार प्रवासी आणि मालाचे आकडे पण मिळतात. सोलापूरचा खंड १८८४ चा, म्हणजे बार्शी लाईटच्या आधीचा, म्हणून तो बिनकामाचा असं समजू नका, उलट लाईन यायच्या आधी माल कसा जायचा आणि बाजार केवढा होता हे त्यातच आहे. मग १९०८ च्या सुमाराचं इम्पिरियल गॅझेटियर काढा आणि दोन्हीत तेच गाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. शोधताना जुनं इंग्रजी स्पेलिंग टाकायला लागतं, सोलापूरचं शोलापूर, ठाण्याचं टाना, कल्याणचं कॅलियन, नाहीतर काहीच सापडत नाही.

मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख आहे, तिथं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वेच्या फाईली आहेत. ओळखपत्र न्या, विषय आणि साधारण सालं लिहून न्या, "आमच्या स्टेशनचं काही आहे का" असं विचारून उपयोग नाही. संस्थानी भाग असेल तर मोडी वाचणारं माणूस लागेल, निजामाच्या भागात उर्दू वाचणारं, दोन्ही माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात, विचारत राहायचं.

गावातलाच एक रस्ता लोक विसरतात, तो म्हणजे तलाठी आणि भूमी अभिलेख. रेल्वेला जमीन गेली तेव्हा कुणाची गेली, केवढी गेली, हे फेरफारात असतं, गाव नकाशावर रेल्वेची हद्द असते. लाईन उखडली तरी ती हद्द नकाशावर राहते. ज्यांची जमीन गेली त्या घरात जाऊन बसलात तर लाईनची दुसरी बाजू कळते, आणि ती पण लिहायची, गाळायची नाही.

रेल्वेकडून हवं असेल तर माहिती अधिकार वापरा, केंद्राच्या ऑनलाईन पोर्टलवर दहा रुपये भरून अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "स्टेशनचा इतिहास द्या" असं लिहिलं तर "माहिती उपलब्ध नाही" असंच येणार. नेमकं मागा. अमुक स्टेशनचा उपलब्ध असलेला सर्वात जुना यार्ड प्लॅन, गेज बदलाआधीचा स्टेशन इमारतीचा नकाशा, स्टेशन बंद किंवा हलवल्याचा आदेश, अमुक साल ते अमुक साल तिकीट विक्रीचे वार्षिक आकडे. एका अर्जात एकच विषय ठेवा.

आता तारखांचं. दोन ठिकाणी दोन तारखा मिळणारच, घाबरू नका. लाईन मालगाडीसाठी आधी खुली व्हायची आणि प्रवाशांसाठी नंतर, उद्घाटन वेगळ्या दिवशी, आणि लाईन सुरू झाल्यावर मधलं छोटं स्टेशन काही वर्षांनी यायचं. म्हणून दोन्ही तारखा लिहा, प्रत्येकीपुढं कुठून मिळाली ते लिहा. गेज बदलाच्या वेळी स्टेशनची जागा तीच राहिली का हेही तपासा. धाराशिवचं बघा ना, जुनी नॅरोगेज शहरात जातच नव्हती, लोकांना येडशीला जाऊन गाडी पकडायला लागायची, ब्रॉडगेज करताना लाईन वळवून शहराजवळून नेली. इथं "धाराशिव स्टेशन शंभर वर्षं जुनं" असं कुणी लिहिलं तर ते चूक, आणि येडशीनं एवढी वर्षं जिल्ह्याच्या गावाचं स्टेशन म्हणून जे काम केलं ते पुसलं जातं.

लिहिताना सगळं एकदम पुस्तक करायला जाऊ नका. आधी दहा-बारा पानं लिहा, लाईन का आली इथून सुरू करा, मग माणसं, मग गाडी बंद झाली किंवा गेज बदललं तो दिवस. बोलणाऱ्यांची भाषा आहे तशी ठेवा, त्यांचं बोलणं प्रमाण मराठीत करून त्यातला जीव घालवू नका. ऐकीव असेल तिथं "असं सांगतात" लिहा. नावं छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, एखादी दंडाची किंवा भांडणाची गोष्ट छापू नका म्हणाले तर काढा.

फोटो आणि रेकॉर्डिंगच्या फाईलला नाव देताना गाव, तारीख, विषय असं द्या, नुसते आकडे ठेवलेत तर वर्षभरानं तुम्हालाच ओळखू येणार नाही. एक कॉपी पेन ड्राईव्हवर, एक ऑनलाईन, आणि छापील एक प्रत गावच्या वाचनालयात, एक शाळेत, एक स्टेशन मास्तरांच्या टेबलावर. ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्यांच्या घरी स्वतः जाऊन प्रत द्या, आणि जाताना वही-पेन बरोबर असू द्या, कारण छापलेलं बघून शेजारचे पण बोलायला येतात.